फुटाणा चावला म्हणून

ओम बाळा,

काल फोनवर आपल्या हॅमस्टरबद्दल, फुटाण्याबद्दल, तू एवढंच बोललास की "आई, त्याला परत देऊन टाकूया, त्याला मी आवडतच नाही" आणि फोन बाबाकडे देऊन निघून गेलास. म्हणून लिहायला बसलेय. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मला हे तुला नीट सांगायचंय. बाबाच्या मोबाईलवर पाठवते, तो प्रिंट काढून देईल, सावकाश वाच, एका वेळी सगळं नाही वाचलंस तरी चालेल.

आधी बोटाचं. बाबा म्हणाला की तू बोट रुमालात गुंडाळून अभ्यासाला बसला होतास आणि रुमालाला लाल डाग दिसला तेव्हा घरात कळलं. असं लपवायचं नाही रे. कुठलाही प्राणी चावला की लगेच नळाखाली धरून साबणाने भरपूर धुवायचं आणि घरात जो मोठा माणूस असेल त्याला सांगायचं, इंजेक्शन लागणार की नाही ते डॉक्टर ठरवतील. चावला म्हणून फुटाण्याला कोणी घरातून काढणार नाहीये, ही भीती मनातून काढून टाक, माझा शब्द आहे.

आता फुटाण्याचं. दिवाळीच्या आधी तो तुझ्या तळहातावरून सूर्यफुलाची बी उचलत होता, एकदा तर मनगटावर चढून बाहीत शिरला होता, तो व्हिडिओ मी इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवलाय. आणि आता पिंजऱ्यापाशी हात नेला तरी बिळात पळतो, कोपऱ्यात दबून बसतो, दात कटकट वाजवतो. तुला वाटतंय की एवढी मेहनत पाण्यात गेली. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते.

मधल्या दिवसांत त्याच्या बाजूने काय काय झालं ते बघ. दिवाळीच्या साफसफाईत आजीने त्याचा पिंजरा पूर्ण रिकामा केला, सगळा भुसा फेकला, कोपऱ्यातला दाण्यांचा साठा पण टाकून दिला आणि आतून फिनेलने पुसून लख्ख केला. आजीने ते प्रेमानेच केलं, तिला घरात कुठे घाण ठेवलेली चालत नाही हे तुला माहितीये, त्यामुळे तिला काही बोलू नकोस. पण हॅमस्टरला डोळ्यांनी फार कमी दिसतं, त्याचं सगळं जग वासाचं असतं. त्याच्या दोन्ही कुशींवर, मागच्या पायांच्या थोडं वर, केसांत एक एक काळपट ठिपका आहे बघ, ते आजार वगैरे काही नाही, त्या वासाच्या ग्रंथी आहेत. तो भिंतीला अंग घासत चालतो ना, तेव्हा तो स्वतःचा वास तिथे लावत असतो, म्हणजे हे घर माझं. तू शाळेतून आलास आणि तुझ्या खोलीतलं सगळं सामान गायब, भिंतींना दुसराच रंग, आणि तुझा खाऊचा डबा पण कोणीतरी रिकामा केलेला, तर तुला कसं वाटेल, तसं झालं त्याचं. वर फिनेलचा उग्र वास, जो त्याच्या नाकाला आणि छातीला चांगला पण नाही.

त्यात फटाके. आपल्या बिल्डिंगखाली रात्री उशिरापर्यंत माळा लागत होत्या, आपणच दचकत होतो आणि हॅमस्टरला तर आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक, उंच आवाज पण ऐकू येतात. त्यात पाहुणे, त्यांची मुलं पिंजऱ्याला नाक लावून "हाय हाय" करतायत, दिवसा, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी. आणि मग भाऊबीजेच्या संध्याकाळी तू चकली खाता खाता आत हात घातलास. बोटाला तेल, तिखट, तीळ. घाबरलेला होता म्हणून चावला की खायचं समजून चावला हे आता कोण सांगणार, माझ्या मते दोन्ही असेल. पण तू आवडत नाहीस म्हणून चावला हे कारण यात कुठेच बसत नाही, मी खूप विचार केला.

आणि तू हात झटकलास, तो लोंबकळत होता आणि मग गादीवर पडला, ते तुला जास्त लागलंय ना मनाला? बाबाने मला सांगितलं. अरे, बोटात दात रुतल्यावर कोणीही हात झटकेल. नशीब गादी होती. त्यांना उंचीचा अंदाज नसतो, टेबलाच्या कडेवरून सरळ चालत जातात, म्हणून यापुढे त्याला घ्यायचं असेल तर फरशीवर मांडी घालून बसूनच घ्यायचं, उभं राहून कधीच नाही. आणि पुन्हा चावलाच तर हात तसाच खाली टेकवायचा, तो स्वतःच सोडतो. अवघड आहे, पण जमतं.

मी इथे प्राण्यांच्या एका डॉक्टरांना पण फोन करून विचारलं. ते म्हणाले, माणसाळलेला हॅमस्टर अचानक चावायला लागला तर आधी त्याला काही दुखत नाहीये ना ते बघा. म्हणून तू आणि बाबा मिळून बघा, शेपटीकडचा भाग ओला नाही ना, डोळे स्वच्छ आहेत ना, पाणी पितोय का, पुढचे दात फार लांब किंवा वाकडे झाले नाहीत ना (ते जन्मभर वाढत असतात), अंगावर कुठे गाठ नाही ना. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून दर रविवारी वजन घ्या आणि वहीत लिहा. शेपटीकडे ओलं दिसलं किंवा खाणं सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, एवढासा जीव फार लवकर खचतो.

तू गोष्टी मागायचास ना झोपताना, तशी एक सांगते, ही खरी आहे. १९३० साली आहारोनी नावाच्या एका प्राणीशास्त्रज्ञाने सीरियातल्या आलेप्पो शहराजवळच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. डब्यात ठेवल्यावर ती आई इतकी भेदरली की तिने स्वतःचंच एक पिल्लू मारलं. वाचताना माझ्या पोटात गोळा आला. उरलेली पिल्लं जेरुसलेमला नेली, त्यातली काही निसटली, काही मेली, आणि जी थोडी वाचली त्यांच्यापासून आज जगभरातल्या घरांत असलेले बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर झालेत. म्हणजे आपला फुटाणा पण बहुतेक त्याच आईचा वंशज. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहतोय आणि याच्या खानदानाला माणसाच्या घरात येऊन शंभर वर्षं पण झाली नाहीत. वरून काहीतरी खाली आलं की घार आली, पळा, हे त्याच्या रक्तात अजून तसंच आहे. तुझा हात वरूनच येतो रे. म्हणून हात नेहमी बाजूने, खालून, त्याला दिसेल आणि वास येईल असा.

मोत्या तुला बघून शेपटी हलवतो तसं हा कधीच करणार नाही, हे मला तुला खरं खरं सांगायचंय. सीरियन हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे, त्याला जोडीदार आणून दिला तर दोघं एकमेकांना रक्तबंबाळ करतील, त्यामुळे "त्याला मित्र आणूया" हे तुझं म्हणणं पण नाही चालणार. तुझ्यावर प्रेम करण्याची त्याची पद्धत वेगळी आहे, किंवा त्याला प्रेम न म्हणता विश्वास म्हण. तुझ्या वासापाशी त्याला धोका वाटत नाही, बस. एवढ्याशा जिवाने, ज्याला जो बघेल तो खायला टपलेला असतो, तुझ्या हातावर बसून बी सोलली, याच्यापेक्षा मोठं काय देणार तो तुला?

आता काय करायचं. पहिल्यापासून सुरू नाही करायचं, जिथपर्यंत तो घाबरत नाही तिथपर्यंतच मागे जायचं आणि तिथून पुढे. आणि ती जागा तोच दाखवेल, तू फक्त बघ. रात्री जेवणं झाली की तो उठतोच, तेव्हा पिंजऱ्याशेजारी खाली बस आणि हात आत न घालता तुझं मराठीचं पुस्तक मोठ्याने वाच, तसाही धडा वाचायचाच असतो. हळू आवाजात, रोज त्याच वेळी. बसायच्या आधी हात धुवायचे, साध्या साबणाने, कसलाही वास नको. बिनवासाचा एक टिश्यू पेपर थोडा वेळ हातात चुरगाळून धर आणि तो आत टाक, तो त्याचे तुकडे करून घरट्यात नेईल आणि झोपेल तुझ्या वासात. (कापूस किंवा कापडाचे धागे अजिबात नाही, पायात गुंडाळतात आणि पोटात गेले तर अडकतात. दुकानात कापसाचं बेडिंग म्हणून मिळतं ते पण नाही.)

मग लांब दांड्याच्या चमच्यात एक बी. हातात नको लगेच, बोटाला पण अजून भीती आहे ना तुझ्या, आणि ती असू दे, तिची लाज वाटायची गरज नाही. तुझी भीती पण त्याच्याइतकीच खरी आहे आणि ती पण हळूहळूच जाणार. चमच्यातून बी घेतली की नीट बघ, ही गंमत मला फार आवडते. तो ती गालात कोंबून बिळाकडे पळाला तर समज की अजून धाकधूक आहे. पण तिथेच मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन हातात धरून, सोलून, टरफल टाकून खाल्ली तर त्याला तुझ्यासमोर सुरक्षित वाटतंय. जांभई दिली, अंग ताणून आळस दिला, तरी चांगलं. कान मागे चिकटवले, पोट जमिनीला टेकलं, एक पाय हवेत धरून गोठल्यासारखा थांबला, तर तू पण थांब, हात मागे घेतानाही सावकाश. चमचा रोज आखूड धरत जा, दांडा संपला की तळहात. बी फार नको मात्र, तेलकट असते, दिवसाला दोन-तीन बास, बाकी त्याचं नेहमीचं धान्य आणि काकडीचा छोटा तुकडा.

उचलायचं असेल तर पुढचे बरेच दिवस हाताने नकोच. जुना मोठा मग आडवा ठेव, आत बी टाक, तो स्वतःहून शिरला की मग उचलून फरशीवर मांडलेल्या खोक्यांच्या कुंपणात सोडायचं आणि तू पण आत बसायचं. बसायचं फक्त. तो तुझ्या अंगावरून इकडून तिकडे फिरेल, तू झाड आहेस असं समजून. खोलीचं दार बंद, पंखा बंद, वायरी उचललेल्या, आणि मोत्या बाहेर.

पिंजरा धुण्याचं मी आजीशी बोललेय. यापुढे सगळा भुसा एकदम काढायचा नाही, ओला झालेला कोपरा तेवढा उचलायचा आणि बदलायचा झालाच तर जुन्यातला बराचसा कोरडा भुसा परत आत घालायचा, म्हणजे त्याचा वास राहील. साठ्याला हात लावायचा नाही, ओलं किंवा कुजकं असेल तेवढंच काढायचं. फिनेल बंद, कोमट पाणी पुरे. आजी आधी म्हणाली "घाणीत ठेवायचं का मुक्या जिवाला?" मग मी तिला कुशीवरच्या ठिपक्यांचं सांगितलं तर ती चष्मा लावून बघायला गेली. आता ती तुझ्या बाजूने आहे.

आणि बाबाला मी मोठं चाक मागवायला सांगितलंय, तारांचं नाही, भरीव पट्ट्याचं, २८ सेंटिमीटरचं. आत्ताच्या छोट्या चाकात धावताना त्याची पाठ वाकते, ते मला व्हिडिओत दिसलं. तो रात्री गज चावत बसतो ते पण बहुतेक जागा कमी आणि भुसा पातळ म्हणून, त्याला खणायला लागतं, निदान वीतभर तरी जाड थर हवा. जागेचं सुट्टीत बघू, तो मोठा प्लास्टिकचा बॉक्स आहे ना माळ्यावर, त्याला बाबा झाकणात जाळी बसवून देईल.

अजून एक. असं परत होईल. होळीला होईल, गणपतीत ढोल आले की होईल, तू परीक्षेत आठवडाभर लक्ष दिलं नाहीस तर होईल. दर वेळी परत मागे जावं लागेल पण दर वेळी तेवढं मागे नाही, कारण ओळख पुसली जात नाही, तिच्यावर भीती चढते फक्त. आणि समजा तो कधीच हातात राहणारा झाला नाही, काही होत नाहीत, स्वभाव असतो, तरी चमच्यातून बी घेऊन तुझ्यासमोर बसून खाणारा फुटाणा पण आपलाच आहे ना? ही जात दोन-अडीच वर्षं जगते, फार तर तीन. तेवढं त्याचं सगळं आयुष्य आपल्या घरात जाणार आहे. ते त्याला बिनघोर जगता यावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते करू शकेल असा माणूस घरात तूच आहेस, बाबाला घाई असते आणि आजीला वाकवत नाही.

मी शुक्रवारच्या विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. तोपर्यंत रोज रात्री मला एक ओळ पाठव, बी घेतली का, कुठे बसून खाल्ली, एवढंच. नाही घेतली तरी तेच लिहायचं, "आज नाही घेतली", मला ते पण हवंय. व्हिडिओ काढलास तर फ्लॅश बंद ठेव. बोटाची पट्टी रोज बदल, सुजलं किंवा ठणकायला लागलं तर बाबाला लगेच दाखव. येताना संत्र्याची बर्फी आणतेय, ती फुटाण्याला नाही, तुला आणि आजीला.

तुझी,
आई