समुद्र तर आपल्याकडेही आहे

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
३१ मे

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. "समुद्र तर आपल्याकडेही आहे, मग एवढे पैसे घालून मी तिथं काय बघू?" असं तू विचारलंस. लेकीकडे येऊन मला आता पाच आठवडे झाले, तेव्हा उत्तर द्यायला मी मोकळा आहे. वहिनींनाही वाचून दाखव.

आधी कासवांचं सांगतो, कारण ती रात्र अजून डोक्यातून जात नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रांद रिव्हिएर नावाचं छोटं गाव आहे. इथून गाडीनं अडीच-तीन तास लागतात आणि सगळा रस्ता डोंगर आणि वळणांचा, अगदी आपल्या घाटासारखा. मार्च ते ऑगस्ट रात्री त्या किनाऱ्यावर जायचं तर परवाना काढावा लागतो आणि गावचा वाटाड्या सोबत लागतो. पांढरा टॉर्च चालत नाही, मोबाईल खिशात ठेवायचा. वाटाड्याच्या हातात तेवढा लाल दिवा.

अंधारात पाण्यातून काहीतरी वर सरकत होतं. मला वाटलं, होडीच ओढतायत कुणी. पण ते लेदरबॅक कासव होतं. आपण कोकणात वेळासला बघितलेलं ऑलिव्ह रिडले चाळीस-पंचेचाळीस किलोचं असतं. ही बाई तीन-चारशे किलोंची! पाठीवर कवच नाही, काळी, चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर लांबच लांब उभे सात कंगोरे. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती खड्डा खणायला लागली. एका वल्ह्यानं ओंजळभर वाळू अलगद उचलायची, बाजूला ठेवायची, मग दुसऱ्यानं. खड्डा दिसत नव्हता तिला, मागे होता ना, पण एकदाही चुकली नाही. अंडी घालायला लागली की ती अशी तंद्रीत जाते की आजूबाजूचं तिला फारसं भान राहत नाही. तेवढ्या वेळातच वाटाड्या आपल्याला जवळ जाऊ देतो. ऐंशीच्या आसपास अंडी आणि त्यांच्यासोबत बलक नसलेली काही छोटी. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं हे मला माहीत होतं, तरी माझ्या पोटात कालवलं.

सकाळी उजेडात गेलो तर किनारा नांगरल्यासारखा दिसत होता. एका रात्रीत इतक्या माद्या येतात की दुसरीनं घातलेली अंडी तिसरी उकरते आणि गिधाडं त्यावर तुटून पडतात. पूर्वी माणसंही मांसासाठी कासवं मारायची. १९९०च्या दशकात गावकऱ्यांनीच रात्रीची गस्त सुरू केली आणि आज जगातल्या सगळ्यात दाट विणीच्या किनाऱ्यांत या गावाचं नाव घेतात. वाटाड्याला मी वेळासची हकिगत सांगितली, तिथंही गावच अंडी राखतं म्हणून. तो वाळूत बसूनच ऐकत राहिला, मग म्हणाला, "फोटो आहेत का?" माझ्याकडे नव्हते.

काल इथं सुट्टी होती. १८४५ साली ३० मेला 'फातेल रझाक' नावाच्या जहाजातून सव्वादोनशे हिंदी मजूर या बेटावर उतरले, त्या दिवसाची. पुढे १९१७पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर करार करून आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. आम्ही वॉटर्लूला समुद्रातलं मंदिर बघायला गेलो. ही गोष्ट मी तुला नीट सांगतो.

सेवदास साधू नावाचा एक मजूर होता. त्यानं किनाऱ्यावर मंदिर बांधलं, पण जमीन साखर कंपनीची. मंदिर पाडलं गेलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर त्यानं ठरवलं, आता जमिनीवर बांधायचंच नाही. सायकलला बादल्या लटकवून तो ओहोटीच्या वेळी दगड, सिमेंट, वाळू नेऊन समुद्रात टाकत राहिला. वर्ष-दोन वर्षं नाही, सुमारे पंचवीस वर्षं! पुढे १९९५मध्ये, आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, सरकारनं ते पुन्हा नीट बांधलं. आता तिथपर्यंत चालत जायला वाट आहे. ओहोटी होती, दोन्ही बाजूंना चिखल, त्यात पांढरे बगळे, आणि शेजारच्याच किनाऱ्यावर एक चिता जळत होती. बराच वेळ आम्ही कुणीच बोललो नाही.

तिथून जवळच कॅरापिचाइमाला पंचाऐंशी फुटी हनुमान आहे आणि ते देऊळ कुणाचं म्हणशील? दत्तात्रेयाचं! गाणगापूर-औदुंबर करणाऱ्या तुझ्या आईला हे आवर्जून सांग.

आणखी एक. लेकीच्या शेजारी राहणारी मुलं वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. हिंदी एक वाक्य येत नाही त्यांना, घरात सगळं इंग्रजीच. पहिल्या दिवशी कुंपणापलीकडून "आजी!" अशी हाक ऐकली आणि मी मराठी घर समजून दारात गेलो. भोजपुरीतली आजी ती. त्या आजींनी मला बसवून घेतलं, चहा दिला. त्यांचे आजे कुठल्या गावाहून आले, ते आता घरात कुणाला ठाऊक नाही.

खायचं म्हणशील तर सकाळी रस्त्यावर 'डबल्स' खा. दोन मऊ, हळदीचे 'बारा' (आपला वडाच तो, पण पुरीसारखा पातळ), त्यात छोले, चिंच, काकडी. तिखट किती हवं ते विचारतात, तेव्हा 'स्लाइट' म्हण. इथली मिरची आपल्या लवंगीसारखी नाही, फार वेळ पोळत राहते.

एका संध्याकाळी कॅरोनीच्या खारफुटीत होडीनं जा. चारच्या सुमारास होड्या निघतात. सूर्य कलला की लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी परततात आणि एक हिरवं बेट बघता बघता पांगाऱ्यासारखं फुलतं. लहानपणी ते करडे असतात, खेकडे-कोळंबी खाऊन लाल होतात. ला ब्रेआचं डांबराचं तळंही बघ. शंभरेक एकराचं, त्यावरून चालता येतं. १५९५ साली वॉल्टर रॅलेनं तिथलं डांबर आपल्या जहाजांना लावलं होतं.

आणि ओव्हल! क्वीन्स पार्क ओव्हलवर मी तुझ्या वडिलांसाठी गेलो होतो. १९७१ साली इथंच गावसकर पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. मडगावच्या सरदेसाईंनी ११२ केले, कप्तान वाडेकर, आणि आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. काकांनी ते कात्रण काचेखाली ठेवलं होतं, आठवतं? मैदानामागे हिरवे डोंगर आहेत. तेवढं कात्रणात दिसत नव्हतं.

इथल्या कार्निव्हलला, म्हणजे नाचगाण्याच्या मोठ्या उत्सवाला, सगळं जग येतं. तू मात्र एप्रिल-मे धर, कासवांसाठी. परवान्याचं मी इथून बघतो. आणि पुढच्या हंगामात वेळासला जाऊन उबवणीच्या कुंपणाचे, गावकऱ्यांचे चांगले फोटो काढून पाठव. त्या वाटाड्याला मी कबूल केलंय.

तुझा,
सद्या