बाजारात बरोबर, पेपरात चूक

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हे पत्र एका जुन्या वजाबाकीमुळे लिहितेय जी माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे रविवारी आठवडी बाजार भरतो. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी तिथं आईशेजारी भाजी घेऊन बसायची. मी एकदा तिच्याकडून सव्वा किलो वांगी घेतली चाळीस रुपये किलोची, पाऊण किलो गवार ऐंशीची आणि दहाची कोथिंबीर, आणि पाचशेची नोट दिली. पोरीनं वरही बघितलं नाही. "चाळीस न् दहा पन्नास, गवारीचे ऐंशीतनं वीस गेले साठ, दहा कोथिंबीर, एकशेवीस झाले बाई." मग माझ्या हातावर पैसे ठेवत गेली, हे तीस म्हणजे दीडशे, हे पन्नास दोनशे, आणि हे तीनशे, झाले पाचशे. एक रुपया इकडचा तिकडे नाही.

त्याच आठवड्यात चाचणीत ५०० वजा १२० आलं होतं आणि तिनं उत्तर लिहिलं ४२०. शून्यातून दोन जात नाहीत म्हणून तिनं दोन तसेच खाली लिहिले, पाचातून एक गेला चार. मी लाल पेनानं काट मारली, शून्य गुण दिले आणि वर "हातचा घेत नाहीस, लक्ष कुठे असतं" असं बोलले पण. त्याच वजाबाकीचे ३८० रुपये तिनं रविवारी मला मोजून दिले होते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेलं एक संशोधन. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल आहे), मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी १,४३६ मुलं तपासली. त्यांची माणसं साधी गिऱ्हाईकं बनून गेली, ८०० ग्रॅम बटाटे वीस रुपये किलोचे, एक किलो चारशे ग्रॅम कांदे पंधरा रुपये किलोचे, हे घे दोनशे, अशी मुद्दाम वाकडीतिकडी मापं मागितली म्हणजे पाठ केलेलं उत्तर चालणार नाही. जवळपास सगळ्या मुलांनी हिशेब बरोबर केला. पण तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीनं नुसत्या आकड्यात मांडलं तर त्यांना जमेना. मुलं घाबरली होती का, आजूबाजूचे सांगत होते का, बरोबर उत्तराला बक्षीस नव्हतं म्हणून का, हे सगळं त्यांनी तपासलं आणि यातलं काही कारण निघालं नाही.

आणि उलटी बाजू मला जास्त लागली. जवळच्या शाळांमधली ४७१ मुलं, ज्यांनी कधी काही विकलं नाही, ती आकड्यांची साधी गणितं चांगली सोडवत होती, पण बाजाराचा आणखी एक जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांना आला तो यांच्यातल्या फक्त एक टक्का मुलांना आला. म्हणजे एकाला येतं ते दुसऱ्याला येत नाही आणि मधे पूल कुणी बांधलेलाच नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात १९८५ सालीच हे दिसलं होतं, नारळ विकणारा बारा वर्षांचा मुलगा चार नारळांचे १४० तोंडी बरोबर सांगतो आणि कागदावर ३५ गुणिले ४ चं उत्तर २०० काढतो. चाळीस वर्षं झाली की हो याला!

माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीनचे पाढे, घडाघडा म्हणायचे. आम्ही ती बंद केली, घोकंपट्टी म्हणून, आणि ते अगदी चूक होतं असंही मी म्हणत नाही, पण पाऊण म्हणजे किलोतून पाव काढायचा ही जी समज त्यात होती ती पण त्यांच्यासोबत गेली. ती पोरगी तेच करत होती, नाव माहीत नसताना.

आता कुणी म्हणेल बाजारात येतं ना, मग शाळेचं कशाला हवं. तर हवंच. 'असर' या ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी साधारण ४३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं, आणि ज्यांना निदान वजाबाकी येत होती त्यांच्यातल्याही जेमतेम १० टक्क्यांना कर्जाची परतफेड काढता आली. याच मुलीच्या आईनं हातगाडीसाठी दहा हजार उचलले होते. शंभराला महिना एक रुपया, वर्षभर हप्ते, एकूण ११,२०० भरायचे. तिला वाटलं बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फेडत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर, म्हणजे खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. तोंडी हिशेबात इतकी पक्की बाई, पण इथं तोंडी चालत नाही, कागद घेऊन बसावं लागतं, महिन्यामहिन्याचं मुद्दल मांडावं लागतं.

शाळांमध्ये वर्षातून एकदा बाल आनंद बाजार भरतो, मुलं भेळ विकतात, फोटो निघतात, संपलं. त्या दिवसाचा हिशेब दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या ना! तीस, पन्नास, तीनशे असं चढत जाऊन ३८० येतात आणि हातचा घेऊनही ३८० येतात, हे मुलांना शेजारी शेजारी दिसू दे. तोंडी उत्तर बरोबर आलं तर त्याला गुण द्या. सातवी आठवीत व्याज शिकवताना खरं हप्त्याचं कार्ड आणा.

तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला बाजारातलं एक गणित छापाल का? किलोचा भाव, वाकडं माप आणि हातातली नोट, एवढं पुरे. पहिली दहा गणितं मी लिहून ठेवली आहेत, कळवलंत तर लगेच पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका