तालीम पाठांतरासाठी नसते

मा. संपादक,
स. न.

दिवाळी झाली, आता जत्रा सुरू होणार म्हणजे गोव्यात गावोगावी नाटकं आलीच. परवा आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, यंदा तालमी 8 दिवसच ठेवूया, संवाद सगळ्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी पाठ करायचे, रोज रात्री जागरण कशाला. म्हणून हे पत्र.

मी 25 वर्षं उत्सवी नाटकांत कामं करतोय. पाठांतर घरीच करायचं असतं, ते खरंच. पण तालीम त्याच्यासाठी नसतेच मुळी! समोरचा बोलत असताना आपण काय करायचं ते तिथं कळतं. नाहीतर वाक्य संपलं की खांबासारखा उभा, डोळे विंगेत, आणि प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत (आमच्या गावात एकदा बक्षीस प्रॉम्प्टरलाच द्या म्हणाले होते लोक).

दोन वर्षांमागं आमचं ऐतिहासिक नाटक होतं. तालमीत कमरेला लाकडी पट्टी खोचून काम केलं, रंगीत तालीम केलीच नाही, ड्रेपरीवाला (कपडे, तलवारी भाड्यानं देणारा) उशिरा येणार म्हणून. नाटकाच्या रात्री भाड्याची लांब तलवार आली आणि ती नेमकी खुर्चीच्या हातात अडकली, सरदार अर्धा उठलेला अर्धा बसलेला, प्रवेश मरणाचा आणि पब्लिक पोट धरून हसतंय. तो सरदार मीच.

संगीत नाटकाची तर आणखी पंचाईत. पेटीवाला, तबलजी आदल्या रात्री येणार, पद कुठल्या वाक्यावर उचलायचं त्यांना ठाऊक नाही, आणि महिनाभर काळी एकमध्ये गुणगुणणारा आमचा गडी त्याहून चढ्या पट्टीत, काळी तीनमध्ये सापडतो, मग तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, त्याचा जीव जातो. नटी बाहेरून येते. तिची चूक नाही, सीझनला तिला कितीतरी गावं करायची असतात, पोटाचा प्रश्न आहे. पण तोवर नायकाच्या बायकोच्या जागी पुस्तक धरलेला पोरगा उभा असतो आणि नायक त्याच्याकडे बघून लाजतो!

गंमत म्हणजे हीच पोरं कला अकादमीच्या स्पर्धेत उतरली की दोन-दोन महिने तालीम करतात, परीक्षक बसलेले असतात ना. गावच्या देवासमोर मात्र 8 दिवस पुरतात.

नोकऱ्या, वेर्ण्याच्या कारखान्यांतल्या शिफ्टा, सगळं मान्य. मग प्रवेशवार बोलवा. पहिल्या अंकात नसलेल्याला रोज बाराला घरी सोडण्यापेक्षा तीन दिवस बोलवूच नका. नटीला चार रात्रींचे पैसे जास्त द्या, दारूकामातले (फटाक्यांचे) कमी करा. पेटीवाल्याला निदान पदांच्या दिवशी बसवा.

आमच्या तालमी सोमवारपासून, आरतीनंतर, सभामंडपात. भांडून 20 दिवस मिळवलेत. प्रॉम्प्टरला यंदा पडदा ओढायचं काम दिलंय.

आपला,
एक हौशी नट, सत्तरी तालुका