चिऊशी बोलण्याआधी

चि. बापू यास, अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, चिऊच्या मोबाईलमध्ये क्लासमधल्या एका मुलाचे मेसेज सापडले, मोबाईल काढून घेतलाय आणि पुढे काय बोलावं ते सुचत नाही. ओट्यावर बायका बसल्या होत्या, मला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

आधी तिचा मोबाईल तिला देऊन टाक. पंधरा वर्षांच्या पोरीला एखादा मुलगा आवडला, यात तिचा गुन्हा काही नाही. पण पहिलीच गोष्ट कळल्यावर मोबाईल गेला, शाळा बंद करायची भाषा झाली, की मुलगी पुढचं काही सांगत नाही. अंगणवाडीत असताना मी किशोरी मुलींच्या बैठका घ्यायचे, तेव्हाची एक मुलगी अजून डोळ्यांपुढे आहे. एक पोरगा तिच्यासाठी रोज बसस्टँडवर उभा राहायचा, नाही म्हटलं तरी मागे यायचा. घरी कळलं तर आपलीच शाळा सुटेल, या धास्तीने तिने अवाक्षर काढलं नाही. त्याला टाळायला म्हणून ती केळीच्या बागांमधल्या आडरस्त्याने एकटी जायला लागली. सांग, घरच्या धाकाने तिची राखण झाली का?

समोर बसवून ‘खरं सांग’ म्हणू नकोस. रविवारी तिला घेऊन इकडे ये. भरिताची वांगी आणून ठेवते, कपाशीच्या पऱ्हाट्या अंगणात रचलेल्याच आहेत. दोघं बापलेक वांगी भाजायला बसा. धूर डोळ्यांत जात असला, हात कामात असले की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, आणि पोरं तेव्हाच बोलतात. तेव्हाही ‘तुझं काय चाललंय’ नको. ‘तुमच्या वर्गात मुलींना काय काय सोसावं लागतं गं?’ एवढंच विचार. मैत्रिणीच्या नावावर ती स्वतःचं सांगेल. तुला कळलं तरी गप्प राहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाण्यांतून सासरचं सुखदुःख सांगायच्या. सरळ विचारलं असतं तर त्याच पोरी ‘सगळं बरं आहे’ म्हणाल्या असत्या.

ती बोलती झाली की मग एक प्रश्न विचार, तो मात्र चुकवू नकोस: ‘आज मला बोलायचं नाही, असं तू म्हणालीस तर तो काय करतो?’ ‘बरं, उद्या बोलू’ म्हणत असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नकोस. पण रुसून बसत असेल, मेसेजवर मेसेज टाकत असेल, पासवर्ड मागत असेल, कुठे आहेस त्याचं लोकेशन मागत असेल, अमकीशी बोलू नको म्हणत असेल, ‘तू सोडलंस तर जीव देईन’ म्हणत असेल, तर तो धाक आहे. या वयाच्या पोरी त्यालाच ‘माझी किती काळजी करतो’ म्हणतात. यातलं काळजी कशाला म्हणायचं, धाक कशाला, हे तिच्याशी एकेक गोष्ट घेऊन बोल.

कायदाही सांग, पण दम दिल्यासारखा नको. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक पोर बालकच, आणि त्याच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. तेव्हा नको ती जवळीक झाली तर तो मुलगासुद्धा अडकेल. १८ च्या आतल्या कुणाचा नको तसा फोटो पाठवणं, जमवणं हाही गुन्हा. मुलीने नको म्हटल्यावरही मागे लागणं, तिच्या मोबाईलवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये घालून दे. तुमच्यापाशी नाहीच बोलता आलं, तर सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात, हेही तिला ठाऊक असू दे.

आणि बापू, धाकट्याचं काय? तोही आता बारा वर्षांचा झाला. चिऊला सांभाळून राहा म्हणतोस, पण पोराला कुणी काही सांगत नाही. परवा इथे असताना चिऊ ‘नको’ म्हणत होती तरी तो तिची वही ओढत होता, आणि आपण सगळे हसत होतो. तिथेच त्याला थांबवायचं. कुणी नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा, नकार मिळाला म्हणून आपली इज्जत जात नाही, हे त्याला आत्ताच कळू दे. पुढे कॉलेजात गेल्यावर कुणी सांगितलं तर तो ऐकेलच असं नाही. तुझ्याकडूनही तो शिकतोच. जेवताना सूनबाई काही सांगत असते आणि तू मोबाईलमधून मान वर करत नाहीस, तेव्हा दोन्ही पोरं बघत असतात.

इकडे यायच्या आधी सूनबाईशी बोलून घे. एकाने जवळ घ्यायचं आणि दुसऱ्याने ‘थांब, तुझ्या बापाला सांगते’ म्हणायचं, असं झालं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. दोघांचं एकमत झालं की मला फोन कर, म्हणजे किती वांगी आणायची ते ठरवते.

तुझी,
आई