बाईंचं कपाट मगांनी भरलंय

महोदय,

शिक्षकदिनाची वर्गणी ५ सप्टेंबरला देऊन झाली. आता दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तेच. माणशी ५०० रुपये, बाईंना चांदीचं ताट. तुकडीत ४२ मुलं, म्हणजे २१ हजार! दोन आया गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडल्या. त्यातली एक माझ्याकडे पोळ्या करते. तिचा मुलगा माझ्या लेकीच्याच बाकावर बसतो.

मी पैसे दिले नाहीत. जांभळी नाक्यावरून भाजणी आणून चकल्या केल्या (निम्म्या तुटल्या), लेकीने वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या. बाई हसून म्हणाल्या, ‘‘मगांनी कपाट भरलंय हो, चकल्या संपतील तरी.’’

ही वर्गणी शाळांनीच लेखी सूचना काढून बंद करावी.

– एक पालक, नौपाडा, ठाणे