तिरामिसूच्या कॉफीआधी आमची बासुंदी आणि शिकरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या उन्हाळी पुरवणीत ‘घरच्या घरी तिरामिसू आइस्ड कॉफी’ ही कृती फोटोसह छापून आली. कृती नीट लिहिली होती, फोटोही छान होता. पण साहित्य वाचून आमच्या गल्लीत बऱ्याच जणींनी पुरवणी घडी करून ठेवून दिली. मस्कारपोने चीज, व्हिपिंग क्रीम, व्हॅनिला सिरप, कॅरॅमल सॉस आणि वर भुरभुरायला कोको. मी फैजपूरला राहते. यातला कोको इथे मिळतो, बाकीच्यासाठी जळगाव गाठावे लागते. तिथून क्रीमचा डबा आणला तरी एप्रिल-मे महिन्यात एसटीतून घरी येईपर्यंत त्याचे पाणी होते. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत आमच्याकडे सकाळचे दूध वेळेवर तापवले नाही तर दुपारी नासलेले असते. थंड कॉफीची खरी गरज ज्या भागाला आहे, त्याच भागाच्या आवृत्तीत तिथे करता न येणारी कृती यावी हे मला पटले नाही, म्हणून लिहिते आहे.

माझे म्हणणे असे. गोडाच्या पदार्थासारखी कॉफी करायची, तर तिचा दाटपणा आणि गोडी त्या पदार्थातूनच आली पाहिजे. कॉफीत सिरप ओतले, वर आइस्क्रीमचा गोळा सोडला की झाले, असे नाही. आणि असे दाट, दुधातले गोड पदार्थ खान्देशात घरोघरी होतात.

तिरामिसूचेच बघा. इटलीच्या उत्तरेकडच्या व्हेनेतो भागातला हा पदार्थ, १९७०च्या दशकात ट्रेव्हिझो गावातून तो गाजला. कॉफीत भिजवलेली बिस्किटे, त्यावर अंड्याचा बलक, साखर आणि मस्कारपोने घोटून केलेला थर, वरून कडसर कोको. मस्कारपोने म्हणजे काय, तर साय तापवून त्यात थोडे आंबट घालायचे आणि घट्ट झाल्यावर फडक्यात निथळायचे. फडक्यात निथळण्याचे काम आम्ही श्रीखंडाच्या चक्क्यासाठी पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. चक्का आंबट असतो हे खरे, पण ताज्या, गोड दह्याचा चक्का आणि तेवढीच फेटलेली साय एकत्र केली की आंबटपणा मागे पडतो आणि तो थर कॉफीवर छान तरंगतो. कच्चा बलक या उकाड्यात मी कुणाच्याही ग्लासात घालणार नाही. आणि आमच्याकडे किती घरांत अंडे चालते, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तिरामिसूच करायचा हट्ट असेल तर चक्का आणि साय घ्या, खाली थंड कॉफी, वर चिमूटभर कोको. पुरवणीत हा एक पर्याय दोन ओळींत दिला असता तरी पुष्कळ झाले असते.

पण माझ्या घरात पहिला मान बासुंदी कॉफीला आहे. म्हशीचे एक लिटर दूध जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवायचे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गायीच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट असतो, त्यामुळे दाटपणासाठी वेगळे काही घालावे लागत नाही. कढईच्या कडेला जी साय धरते ती उलथन्याने सोडवून पुन्हा दुधात ढकलत राहायचे. ती कडेची साय थोडी तांबूस होते, तिला खरपूस वास येतो आणि बाजारच्या कॅरॅमल सॉसची जागा नेमकी तीच भरून काढते. म्हणून आटवताना घाई करू नये आणि मिल्क पावडर घालून दाट करायचा मोह टाळावा. पावडरीने दाटपणा येतो, तो वास येत नाही. चार ग्लासांना चार मोठे चमचे साखर शेवटी घालायची, एक उकळी आणायची आणि उतरवायचे.

कॉफी वेगळी करायची. झटपट विरघळणारी पूड असेल तर ग्लासाला दीड छोटा चमचा धरून पाव वाटी गरम पाण्यात कालवावी. पितळी फिल्टर असेल तर त्याचा घट्ट पहिला काढा घ्यावा. माझ्याकडे फिल्टर आहे, रेल्वेतली नोकरी संपवून भुसावळहून आपल्या गावी परतलेल्या एका तमिळ शेजारणीने तो मला जाताना देऊन टाकला. इथे एक काळजी घ्यायची असते, ती आपल्या कृतीत आली नव्हती. कॉफी आंबटसर असते. ती गरम असताना दुधात पडली आणि दूध जरा जुने असले तर ते फाटते. म्हणून काढा पूर्ण गार करायचा, बासुंदीही फ्रिजमध्ये गार करायची आणि मगच दोघांची गाठ घालायची. उंच ग्लासात आधी बर्फ, मग अर्धा ग्लास बासुंदी, वरून काढा अगदी हळू, चमच्याच्या पाठीवरून सोडायचा. काढा बासुंदीवर क्षणभर थांबतो, मग तपकिरी रेघा खाली उतरू लागतात. ढवळायचे ते पिणाऱ्याने.

वरून वेलदोडा नको, जायफळ हवे. मराठी घरांत पाहुण्यांसाठी जी दुधाची कॉफी व्हायची तिच्यात जायफळ असायचेच, आणि पुरणातही आपण तेच घालतो. सहाणेवर दोन वळसे उगाळलेले जायफळ चार ग्लासांना पुरते. जास्त झाले की कडू लागते.

आता शिकरण. यावल-रावेर भागात केळीवर एक शब्द न लिहिता मी पत्र पुरे करू शकत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आम्हाला आहेच. पण ज्याच्या घरात बाग आहे त्याला वेगळीच अडचण ठाऊक असते. घड घरी आणून टांगला की आधी सगळा कच्चा, आणि मग एकाएकी सगळा पिकतो. वरच्या फणीपासून खालच्या फणीपर्यंत पिवळे, मग ठिपके, मग काळे. शेजारीपाजारी वाटले तरी त्यांच्या घरीही तेच चाललेले असते. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तो माल व्यापारी उचलत नाही, आणि जे थोडेफार पिकवण्याजोगे निघते ते घरातच संपवावे लागते. साखर-दूध घालून शिकरण किती दिवस खाणार?

ठिपके पडलेले केळे याच कामाचे. केळे पिकत जाते तसतसे त्यातल्या पिठूळ भागाची साखर होत जाते, म्हणून ठिपक्यांच्या केळ्यात वरून साखर लागत नाही. साल काढून बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या, ताटात सुट्या पसरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि कडक झाल्या की डब्यात भरायच्या. एकावर एक टाकून गोठवल्या तर त्यांचा दगड होतो आणि मिक्सरची पाती अडतात. सालीसकट केळे कधीही गोठवू नये, साल काळी पडून गराला चिकटते आणि बर्फाळ केळे सोलताना बोटे बधिर होतात. रात्री ठेवलेल्या चकत्या सकाळी तयार असतात. मध्ये तासभर वीज गेली तरी भरलेला फ्रीजर थंडावा धरून ठेवतो, फक्त त्याचे दार उघडून बघत बसायचे नाही.

दोन ग्लासांसाठी दोन केळ्यांच्या चकत्या, एक मोठा पेला अगदी गार दूध आणि तीन छोटे चमचे कॉफी दोन चमचे पाण्यात कालवून. चकत्या पाच मिनिटे बाहेर ठेवून मग मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायच्या. गोठलेले केळे फिरवले की साय घोटल्यासारखे मऊ होते. आइस्क्रीम नको, क्रीम नको, बर्फही नको. केळ्याचा गर हवेत काळवंडतो ही शिकरणीची नेहमीची तक्रार, पण कॉफीच्या रंगात ते दिसतच नाही. इथे मी वेलदोडा घालते, जायफळ केळ्यापुढे टिकत नाही. मुलांसाठी हेच सगळे कॉफी वगळून करावे. माझी नात त्यालाही कॉफीच म्हणते, तिला तसे म्हणू द्यावे.

आइस्क्रीमबद्दल एक सांगते, कारण आपल्या पुरवणीतल्या निम्म्या कृतींत ‘एक स्कूप व्हॅनिला’ असतो. आइस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते, ते कॉफीत विरघळले की आकार जातो आणि पातळ गोड दूध उरते. शिवाय आमच्या दुकानांत आइस्क्रीम म्हणून जे कप मिळतात त्यातल्या अनेकांवर बारीक अक्षरांत ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलेले असते. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते. दारात म्हैस असलेल्या घराने ते विकत आणून कॉफीत घालावे याचे मला वाईट वाटते. कॉफीच्या पाकिटाचेही तसेच, मागची बाजू वाचावी. कॉफी आणि चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) यांच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरी काही वाईट नाही, तिचा कडवटपणा बासुंदीच्या गोडीत उठून दिसतो. फक्त आपण काय विकत घेतो ते आपल्याला कळले पाहिजे.

आणि बर्फ. ही गोष्ट मी ठळक अक्षरांत छापा असे म्हणेन. लग्नसराईत आणि रसवंतीवर लादीचा बर्फ सर्रास येतो. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असा नियम २०१८ मध्ये झाला, तेव्हा निळसर लादी दिसली तर ती पेयात घालू नये. पांढरी दिसली म्हणून ती स्वच्छ पाण्याचीच असेल असेही धरून चालू नये. घरी पाणी उकळून, गार करून बर्फ लावावा. त्याहून चांगले म्हणजे कॉफीच्याच काढ्यात थोडे पाणी घालून त्याचा बर्फ लावावा. आमच्या उन्हात साधा बर्फ दहा मिनिटांत विरघळतो आणि अर्ध्या ग्लासानंतर कॉफी पाणचट होते. कॉफीचा बर्फ विरघळला तर कॉफी उलट कडक होत जाते.

साखरेविषयीही लिहायला हवे, कारण आमच्या भागात मधुमेह नसलेले घर शोधावे लागते. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून कॅफेतल्या थंड कॉफीत इतकी साखर खपून जाते आणि प्यायल्यावर कळतही नाही. तीच कॉफी कोमट होऊ दिली तर घोटभरही पिववणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, छोटे सहा चमचे. वर दिलेल्या बासुंदी कॉफीत ग्लासामागे त्याची निम्मी साखर जाते, शिकरण कॉफीत वरची साखर अजिबात नाही. आपल्या कृतीत सिरप, सॉस आणि साखर मिळून एका माणसाच्या ग्लासात किती झाली, याची बेरीज कृतीखाली द्यायला हवी होती. आणि कॉफी प्यायली म्हणून पाणी प्यायचे राहू नये. शेतातून आलेल्या माणसाला आधी ताक किंवा पन्हे द्यावे, कॉफी सावलीत बसल्यावर.

माझी लेक पुण्याला असते. तिकडे मैत्रिणींबरोबर ती नाना नावांच्या थंड कॉफ्या पिते, फोटो पाठवते, मला ते बघायला आवडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली की खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या सगळे असतेच, आणि दुपारी ओसरीवर बासुंदी कॉफीची फर्माईश होते. गेल्या वर्षी तिने तिच्या तिथल्या मैत्रिणींना हीच कृती फोनवर सांगितली. त्यांना म्हशीचे ताजे दूध सहज मिळेना, असे ती म्हणत होती.

संपादकसाहेब, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. एक, परक्या कृती जरूर छापा, पण खान्देशच्या आवृत्तीत त्यांच्याखाली एक चौकट द्या: इथे काय मिळते, त्याने काय होईल, वाटी-चमच्याचे माप किती. हे लिहून द्यायला माझ्यासारख्या बायका तयार आहेत, मानधनाची अपेक्षा नाही. दुसरे, वाचकांकडून थंड पेयांच्या कृती मागवा आणि त्या आखाजीच्या निदान दहा दिवस आधी छापा. नंतर छापल्या तर लेकी सासरी परतलेल्या असतात आणि घडही संपलेला असतो.

आपली नियमित वाचक,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव