पदकाची कडही छापा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत खडकीच्या लढाईवरील लेखासोबत एका चांदीच्या पदकाचे छायाचित्र आहे. त्याखाली ‘लढाईनंतर शिपायांना दिलेले पदक, १८१७’ असे छापले आहे. ते चुकीचे आहे आणि पुरावा छायाचित्रातच आहे. पदकावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आहे. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. ही राणी जन्मली मे १८१९मध्ये!

हे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक, हिंदुस्थानातल्या लढायांत इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांसाठीचे. मागच्या बाजूला बसलेली विजयदेवता, शेजारी कमळ, पामचे झाड, शस्त्रांची रास आणि खाली १७९९–१८२६ ही साले. या सालांमुळेच बहुधा घोटाळा होतो. पदक मंजूर झाले १८५१मध्ये, आणि तेही तोवर हयात राहिलेल्यांनाच. असईच्या रणात १८०३ साली २० वर्षांचा असलेला शिपाई तेव्हा ६८ वर्षांचा झालेला. एकूण पदके सुमारे ४,५००, त्यातली बहुतेक गोऱ्यांनाच मिळाली. पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी असते; मंजूर झालेल्या अशा २१ पट्ट्यांवर मात्र असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव अशी आपलीच गावे आहेत, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखू येतील न येतील अशी.

मी ३० वर्षे धातूवर नावे कोरण्याचे काम केले. एका संग्राहकाने हे पदक माझ्या तळहातावर ठेवले तेव्हा राणीकडे बघायच्या आधी मी कड फिरवून पाहिली. शिपायाचे नाव असते ते तिथेच. गोऱ्यांची नावे ठशांनी ठोकलेली, ठळक, सरळ रोमन अक्षरांत असतात. देशी शिपायांची हाताने, वळणदार रोमन लिपीत कोरलेली. माझ्या हातातले नाव मराठी होते. भिंगाखाली धरले. रेघ वळणावर जाड होत होती आणि उचलताना केसासारखी बारीक. एका अक्षराशी कोरणी निसटली होती, तो ओरखडा अजून तसाच आहे. कोरणाऱ्याला ते नाव धड उच्चारता तरी येत असेल का, कोण जाणे. पण ज्याचे नाव त्याने कोरले तो म्हातारा तोवर जिवंत होता, हे मला त्या कडेने सांगितले.

मी पाहिलेल्या संग्रहालयांत ही पदके मखमलीवर आडवी निजवलेली असतात. राणी दिसते किंवा विजयदेवता, नाव दिसत नाही. पदक जरा उचलून खाली तिरका आरसा ठेवला तरी काम होईल. फार खर्चाची गोष्ट नाही ही.

कृपया दुरुस्ती छापावी, साल १८५१ द्यावे, आणि पदकाच्या मालकांची हरकत नसेल तर या वेळी कडेचे छायाचित्र घ्यावे. प्रकाश बाजूने, कमी उंचीवरून टाकायला सांगा. समोरून टाकला तर कोरलेले उठत नाही.

– एक निवृत्त कोरीवकाम कारागीर, पुणे